गालावरचं बोट

आक्काने गालाला बोट लावलं, की पन्नाशीला टेकलेला, नव्वद किलोंचा, हजारो लोकांचा लाडका गायक लहान मुलासारखा दात दाखवून हसायचा. लोकांना वाटायचं, हा माणूस किती मनापासून हसतो. हसायचा तो मनापासूनच. पण हुकूम डावीकडून यायचा.

डावीकडे म्हणजे रंगमंचाच्या डाव्या विंगेत. तिथे एक स्टूल असायचं, स्टुलाच्या पायाशी गरम पाण्याचा थर्मास आणि शेजारी आक्का. स्टूल नावाला होतं. भाऊ गात असताना ती कधी बसली नाही. हातात एक पांढरा रुमाल. तो नुसता लोंबत असला की सगळं ठीक चाललं आहे. रुमालाची घडी घातली, की आता आवरतं घे, मागच्या रांगा चुळबुळायला लागल्या आहेत. तळहात खाली दाबला, की लय पळते आहे. केसांवरून हात फिरवला, की तुझी कॉलर वाकडी झाली आहे. आणि गालावर बोट म्हणजे हस.

हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. भावाच्या अगदी पहिल्या कार्यक्रमात तो दुसरं कडवं विसरला आणि घाबरून डावीकडे पाहू लागला. डावीकडे आक्का पाण्याचा पेला घेऊन उभी होती. तिने ओठ हलवून शब्द सांगितले आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला पाहून गालाला बोट लावलं. तो हसला. समोरच्या रांगेतल्या बायका एकदम विरघळल्या. दुसऱ्या दिवशी गावभर गाण्यापेक्षा त्या हसण्याचीच चर्चा. तेव्हापासून तो गाणार आणि ती बघणार, अशी वाटणी होऊन गेली.

आक्का मूळची शिवणकारखान्यातली. तयार शर्ट तिच्या टेबलावरून जायचे. कॉलर, काज, बटण, शिवण बघायची आणि आतल्या पट्टीवर छोटासा शिक्का मारायची. भावाचं नाव व्हायला लागलं तशी तिने ती नोकरी सोडली आणि शर्टांऐवजी भावाला तपासायला घेतलं. हाताची सवय मात्र गेली नाही. कुणी नवा टॉवेल दिला, नवा पडदा दाखवला, तरी ती आधी कड उलटून शिवण बघायची, मग छान म्हणायचं की नाही ते ठरवायची. लग्न तिने केलं नाही. एकदा जमत आलं होतं. पण त्या गृहस्थांच्या कोटाची शिवण काखेत उसवली होती आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं, असं ती सांगायची. यापेक्षा खोलात जाऊन तिला विचारायची कुणाची छाती नव्हती.

भावाला सगळं जग साहेब म्हणायचं. आक्का त्याला छोट्या म्हणायची. वाद्यं वाजवणारी मंडळी पूर्वी यावर गालातल्या गालात हसायची. पुढे त्यांनाही सवय झाली.

तर अशा या छोट्याने एका संध्याकाळी, चहाचा कप खाली ठेवत, आपण सिनेमात काम करणार असल्याचं जाहीर केलं.

त्याला हेरलं होतं एका दिग्दर्शक बाईने. ती पस्तिशीची, काटकुळी, कापलेल्या केसांची, आणि बोलण्यात इतकी कंजूष, की आक्काने पहिल्याच भेटीत तिचं नाव मौनीबाई ठेवून टाकलं. तिने छोट्याचं गाणं ऐकलेलंच नव्हतं. ती भाच्याला न्यायला आली होती. कार्यक्रम संपला होता आणि गाड्या लावायच्या जागेत हा एका पायात बूट घालून दुसरा शोधत होता. घामाघूम, दमलेला, चेहऱ्यावर हसण्याचा मागमूस नाही. बाई उभी राहून बघतच राहिली, आणि मग पुढे होऊन म्हणाली, की मला हा चेहरा हवा आहे.

"गाणी किती आहेत?" आक्काने विचारलं.

"एकही नाही," छोट्या म्हणाला.

"मध्येच गुणगुणायचं वगैरे?"

"तेही नाही. बापाची भूमिका आहे, आक्का. बस दुरुस्त करणारा मेकॅनिक. मुलगी भांडून घर सोडून गेली आहे. तरी हा रोज संध्याकाळी दोन ताटं मांडतो."

"आणि?"

"आणि जेवतो."

"याचा सिनेमा?"

छोट्याची बायको शाळेत गणित शिकवायची आणि गाण्याच्या धंद्यात नाक खुपसायचं नाही असं तिने लग्नाच्या वेळीच ठरवलं होतं. ती कोपऱ्यात पेपर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "आक्का, जेवतो तो रोजच. आता लोक तिकीट काढून बघतील, एवढंच."

आक्काला हसू आलं. पण छोट्या हसला नाही. कपाच्या कानाशी चाळा करत, खाली बघत म्हणाला, "आक्का, मला एकदा न हसता उभं राहून बघायचं आहे."

आक्का कप उचलून आत गेली आणि नळाखाली धूत राहिली, धुऊन झाल्यावरही. हसवायचं खातं तिचं होतं. न हसणाऱ्या माणसाच्या डावीकडे उभं राहून तिने करायचं काय? गरम पाणी द्यायला गळा नाही, आवरतं घ्यायला गाणं नाही. सिनेमात कॉलरसुद्धा मुद्दाम वाकडी ठेवतात म्हणे. छोट्याला हे काम जमलं, तर आपली जागा गेली, हे तिला त्या नळाखालीच स्वच्छ दिसलं. आणि जमलं नाही, तर? या दुसऱ्या विचाराने तिला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. पण लाज थोडी कमी पडली.

चित्रीकरण एका जुन्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात होतं. जिन्यावरून जाड काळ्या वायरी अजगरांसारख्या वर चढलेल्या. खिडक्यांना काळं कापड. स्वयंपाकघरात एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर मुद्दाम पाडलेला तेलकट डाग, आणि एक फ्रिज, ज्याचं दार मुद्दाम नीट लागत नव्हतं. आक्काने नजर फिरवली. टेबलावरच्या कापडाची शिवण वाकडी होती. तिने ती सरळ करायला हात घातला, तर एक माणूस धावत आला आणि म्हणाला, आक्का, ती वाकडी करायला आम्हाला अर्धा दिवस लागलाय. आक्काने हात मागे घेतला. ज्या धंद्यात वाकडं शिवायला वेळ घालवतात, त्या धंद्याबद्दलचं तिचं मत तिथेच पक्कं झालं.

मग तिने स्वतःसाठी जागा शोधली. डावीकडे, फ्रिजच्या आडोशाला, दिव्याच्या स्टँडमागे. थर्मास पायाशी, रुमाल हातात.

पहिला प्रसंग अगदी साधा. बापाने दार उघडून घरात यायचं, आतल्या खोलीकडे बघायचं आणि विचारायचं, "आलीस का?" बस्स. छोट्या आला. आवाज तर मुळातच गोड. आता त्यात थकवाही आणला. "आलीस का?" म्हणाला, आणि पुढच्याच क्षणी त्याची नजर गुळगुळीत फरशीवरून घसरल्यासारखी डावीकडे गेली. कसं झालं, आक्का?

मौनीबाईने पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा तेच. आणखी एकदा. आणखी एकदा तेच. मग ती कॅमेऱ्यामागून उठली, फ्रिजमागे वाकून बघितलं आणि आक्काला नमस्कार केला. नमस्कार अगदी आदराचा होता, पण त्याचा अर्थ बाहेर जा असाच होता.

आक्का जिन्यावर जाऊन बसली. आता आत तिची जागा रिकामी होती. छोट्या आता रिकाम्या जागेकडे बघू लागला. त्यांनी कॅमेरा दुसऱ्या बाजूला नेला. तर सूर्यफुलाने मान वळवावी तशी त्याने मान वळवली आणि फ्रिज शोधला. मग फ्रिजवर काळं कापड टाकलं. तो कापडाकडे बघू लागला. बिचारा मुद्दाम करत नव्हता. आपण बघतो आहोत हेच त्याला कळत नव्हतं. इतक्या वर्षांत डावीकडे बघणं म्हणजे श्वास घेण्यासारखं झालं होतं.

आतल्या बातम्या आक्काला मेकअपवाली आणून द्यायची. ही गोल, गप्पिष्ट बाई होती आणि सकाळपासूनच तिची नि आक्काची गट्टी जमली होती. "आक्का," ती जिन्यावर येऊन म्हणाली, "आता साहेब फ्रिजकडे बघून रडतायत. बाई म्हणतात, मुलगी फ्रिजमध्ये ठेवली आहे का?"

आक्काने च्च च्च केलं. छोट्याची तिला खरंच दया आली. पण त्याच वेळी मनात एक लाडूही फुटला. तो तिने कुणाला दिसू दिला नाही.

संध्याकाळी सगळे आवरत असताना मौनीबाई जिन्यापर्यंत आली आणि दोघांसमोर, न रागावता, आपल्या मानाने लांबलचक भाषण केलं. उद्या ताटाचा प्रसंग आहे. सिनेमा त्यावरच उभा आहे. उद्याही नजर अशीच पळाली तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. छोट्याने मान डोलावली आणि खाली बघत विचारलं, उद्या आक्का आत बसली तर चालेल का? बाईने बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, चालेल. नजर जाणारच असेल तर निदान फ्रिजकडे नको. आक्का टेबलाच्या डाव्या अंगाला, मुलीच्या खुर्चीच्या जवळ, कॅमेऱ्यात येणार नाही अशी बसेल. "फक्त बसायचं," ती आक्काकडे वळून म्हणाली. "खुणा नाहीत."

"मी कशाला करू खुणा?" आक्का म्हणाली आणि हातातल्या रुमालाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत छोट्या गप्प होता. एरवी गाडीत तो ड्रायव्हरला विनोद सांगायचा, आणि ड्रायव्हर तेच विनोद पुढच्या गिऱ्हाईकांना सांगायचा. इमारत जवळ आली तेव्हा त्याने एकदम विचारलं, आक्का, जमेल का मला? आक्का म्हणाली, न जमायला काय झालं, जेवायचंच तर आहे. तो म्हणाला, तू असलीस की जमतं. आणि खिडकीबाहेर बघू लागला.

आक्काही आपल्या बाजूच्या खिडकीबाहेर बघू लागली. आज तिच्या हातात काय आहे, ते तिला कळत होतं. एक बोट. ताटावर बसलेला बाप डावीकडे बघणार. तिने बोट नुसतं गालाशी नेलं, की तो सवयीने दात दाखवून हसणार. काय करतो आहोत हे कळायच्या आत हसणार. मौनीबाई दुसरा माणूस बघेल, छोट्या चार दिवस तोंड पाडून बसेल, मग पुढचा कार्यक्रम येईल, विंगेत स्टूल मांडलं जाईल आणि सगळं पुन्हा होतं तसं होईल. कुणाला कळणारसुद्धा नाही. हे पाप आहे, हे आक्काला समजत नव्हतं असं नाही. पण डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरासारखं तिने ते तसंच मनात ठेवलं, आणि मांडीवर रुमाल सरळ करत बसली.

टेबल मांडलं होतं. दोन ताटं, दोन पेले. बापाच्या ताटात दोन जाड पोळ्यांसारखं काहीतरी आणि भाजी. आक्का तिच्या खुर्चीवर बसली, ताटात डोकावली, आणि मग छोट्याच्या तोंडाकडे पाहिलं. छोट्याने तिच्याकडे पाहिलं नाही. ताटात भोपळा होता.

लाल भोपळ्याच्या या फोडी छोट्याच्या आयुष्यातलं सगळ्यात जुनं दुःख होतं. लहानपणी घरी नियम असा, की ताट स्वच्छ झाल्याशिवाय उठायचं नाही. आई समोर बसायची. रडून भागायचं नाही, पोटात दुखून भागायचं नाही. मग छोट्याने स्वतःची युक्ती काढली. चेहरा अत्यंत गंभीर करायचा, जणू घरात कुणी गेलं आहे, फोड उचलून तोंडापर्यंत न्यायची, आणि आईची नजर जरा हलली की ती सदऱ्याच्या वरच्या खिशात. दोन बोटांनी आत, आणि वरून हलकेच थाप, की खिसा सपाट. आईला कधी पत्ता लागला नाही. लागला तो आक्काला, कारण कपडे धुवायचं काम तिच्याकडे होतं. खिशातला भोपळा ती गुपचूप काढायची, पिवळा डाग घासायची आणि सदरा वाळत घालायची. दोघं या विषयावर कधी एक अक्षर बोलली नव्हती. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

मोठेपणी छोट्याच्या घरात भोपळा शिजलाच नाही. आता सिनेमावाल्यांना हे कोण सांगणार? त्यांनी भोपळा घेतला, कारण दिव्यांच्या उष्णतेत त्याच्या फोडी मोडत नाहीत. आणि छोट्या तरी कोणत्या तोंडाने सांगणार? कालचा दिवसभर फ्रिजकडे बघून झाल्यावर, आज मला ही भाजी आवडत नाही, असं म्हणायचा धीर त्याला झाला नाही.

सगळं शांत झालं. मौनीबाईने मान हलवली. कॅमेरा सुरू झाला.

छोट्या ताटावर बसला. समोरच्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं. पेल्यात पाणी ओतलं, आधी तिच्या, मग स्वतःच्या. तुकडा मोडला. भोपळ्याची फोड उचलली आणि तोंडात घातली. कुणाचा श्वास ऐकू येत नव्हता. त्याने ती हळूहळू चावली आणि गिळली, आणि आता, नेहमीप्रमाणे, ठरल्याप्रमाणे, त्याची नजर डावीकडे वळली.

आक्का तिथे होती. तिचा उजवा हात मांडीवरून उठून हनुवटीपर्यंत आला होता. तो तिने उचलला की आपोआप उचलला गेला, हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. सांगायची वेळही आली नाही म्हणा. बोट गालापासून वितीभरही दूर नव्हतं. इतक्यात तिने छोट्याचा चेहरा पाहिला.

भुवया किंचित वर. नाकपुड्या आत ओढलेल्या. ओठ घट्ट, हनुवटी जरा पुढे. डोळ्यांत सगळ्या जगाचा वियोग. कॅमेऱ्यामागच्या मंडळींना पोरका झालेला बाप दिसत होता. आक्काला भोपळा दिसत होता. आणि त्या चेहऱ्याखाली, तिच्याकडेच बघत असताना, त्याच्या हाताने दुसरी फोड उचलली, तोंडापर्यंत नेली, क्षणभर थांबला, आणि ती दोन बोटांनी मेकॅनिकच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात सोडली. वरून हलकेच थाप. खिसा सपाट.

हसू आक्काच्या बेंबीतून आलं. वाट काढत, धक्के देत वर आलं. मोठ्याने हसली तर आवाजाच्या यंत्रात जाणार, आणि हसताना दिसली तर छोट्या हसणार. हात गालाकडून तोंडाकडे गेला, बोटाऐवजी रुमाल आला, आणि तिने खुर्चीतल्या खुर्चीत गर्रकन पाठ फिरवली. रुमाल दातांत धरला. खांदे मात्र तिच्या ताब्यात राहिले नाहीत. ते गदगदा हलत होते.

छोट्याने पाहिलं ते एवढंच. डावीकडे आक्काची पाठ, आणि ती पाठ हुंदके देते आहे.

आक्काला रडताना त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. वडील गेले तेव्हा नाही. आई गेली तेव्हा तिने सगळ्यांना चहा करून दिला होता. आणि कार्यक्रमात आपण कितीही चुकलो तरी डावीकडे तिचं तोंड असायचं. तिथे पाठ कधी नव्हती. त्याचा हात ताटावर तसाच राहिला. चेहऱ्यावर जे होतं, ते सगळं हळूहळू उतरत गेलं, अभिनय उतरला, भोपळा उतरला, इतक्या वर्षांचं लोकांना देऊन देऊन झिजलेलं हसू उतरलं, आणि खाली जो चेहरा उरला तो पार्किंगमध्ये एका बुटावर उभ्या असलेल्या माणसाचा होता. तो समोरच्या रिकाम्या ताटाकडे वळला आणि कुणी सांगितलेलं नसताना ते ताट त्याने हाताने जरासं जवळ ओढलं.

बराच वेळ कुणी थांब म्हणालं नाही. मग मौनीबाई म्हणाली, "हेच."

मेकअपवाली कोपऱ्यात नाक पुसत होती. दिवेवाला छताकडे बघत होता. मौनीबाई उठून छोट्याजवळ गेली आणि विचारलं, खिशात घास ठेवायचं कसं सुचलं? मुलीसाठी राखून ठेवलेला घास. हे आपण लिहिलेलं नव्हतं. छोट्याने तोंड उघडलं. तो मुळात प्रामाणिक माणूस. पण त्याने खिशाकडे पाहिलं, बाईच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "सुचलं."

मग तो आक्काला शोधत जिन्यावर आला. ती पायरीवर बसून डोळे पुसत होती. डोळ्यांतून खरंच पाणी वाहत होतं. हसण्याचं असलं तरी पाणी ते पाणी.

"आक्का, तू रडलीस."

"धूर गेला डोळ्यांत."

"इथे कुठला धूर?"

तो तिच्याशेजारी, एक पायरी खाली बसला. वायरींमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. "माझ्या कामाने तू रडलीस," तो म्हणाला. "तेव्हाच मला कळलं, जमलं. आता मी तिकडे बघणार नाही, आक्का. शपथ. तुला रडताना परत बघायची माझी ताकद नाही."

खरं सांगायची हीच वेळ होती. छोट्या, मी हसत होते. तुझा भोपळा बघून. एवढी दोनच वाक्यं. पण त्याच्या चेहऱ्यावर असं काही निवांत समाधान पसरलं होतं, की त्यावर हे सांगणं म्हणजे कोऱ्या शर्टावर चहा सांडणं. आक्काने ती वाक्यं गिळली. सकाळी काय मनात धरून आपण खुर्चीवर बसलो होतो, तेही त्यांच्यासोबत गिळलं. तो भोपळा तिच्याच वाट्याला आला म्हणायचा.

त्या संध्याकाळी मेकॅनिकचा सदरा धुवायला तिने मागून घेतला. पिवळा डाग साध्या पाण्याने जात नाही, घासावा लागतो, तुमच्याकडून होणार नाही, असं म्हणाली. नळाखाली खिसा उलटा केला तर भोपळा. मऊ, चपटा झालेला, अगदी पूर्वीसारखा. या वेळी तिला हसू आलं नाही. आपल्याच हसण्याने आपली जागा गेली, हे तिने घासून घासून पाहिलं, पण तो डाग काही निघाला नाही. सदऱ्याचा निघाला.

छोट्याने शब्द पाळला. उरलेल्या चित्रीकरणात त्याची नजर एकदाही डावीकडे गेली नाही. जिथे जायला हवी तिथे गेली, रिकाम्या खोलीकडे, दाराच्या कडीकडे, स्वतःच्या काळ्या नखांकडे. मौनीबाई आता दिवसाला चक्क तीन-चार वाक्यं बोलू लागली. आक्का चहाच्या टेबलापाशी मेकअपवालीशेजारी बसायची. थर्मास तिथल्या सगळ्यांचा होऊन गेला. एकदा सवयीने तिने गालाला बोट लावलं, तर चहावाला तिच्याकडे बघून छान हसला. त्यालाही तिने सांगून टाकलं, की तुझी कॉलर वाकडी आहे.

सिनेमा तयार व्हायला वेळ लागला. मधल्या काळात कार्यक्रम होते, स्टूल होतं, डावीकडची विंग होती. पण छोट्या आता तिथेही बघेनासा झाला. लोक म्हणायचे, साहेबांचं गाणं हल्ली अधिक खोल झालंय. आक्का एकदोनदा उभ्या उभ्या कंटाळली आणि मग, कधी नव्हे ती, स्टुलावर बसली. स्टूल डगमगतं, हे तिला तेव्हा कळलं. इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिल्या खेळाला थिएटर भरलं होतं. छोट्या मधे, उजवीकडे बायको, डावीकडे आक्का. त्याने आक्काला बजावून ठेवलं होतं, की ताटाचा प्रसंग आला की खाली बघ, तुला त्रास होईल. आक्का बरं म्हणाली होती, आणि तिने मनात पक्कं ठरवलं होतं, की खालीच बघायचं.

पण पडद्यावर भोपळा एवढा मोठा येईल, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एकेक फोड दरवाजाएवढी. वर छोट्याचा चेहरा, भुवया उंच, नाकपुड्या आत. सगळ्या थिएटरात पिन पडली असती तर ऐकू आली असती. दोन बोटांनी फोड खिशात गेली आणि मागच्या रांगेत एक हुंदका फुटला, मग दुसरा, मग जिकडे तिकडे नाकं ओढण्याचे आवाज. पोरीसाठी घास राखला हो, असं कुणीतरी कुजबुजलं.

आक्काने रुमाल दातांत धरला. खांदे हलायला लागले.

छोट्याने डावीकडे पाहिलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच पाहिलं. इथे पाठ फिरवायला जागा नव्हती, आणि पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर सरळ पडला होता. रुमालाच्या वरून तिचे डोळे त्याला दिसले. हे रडणारे डोळे नव्हते. हे कपडे धुताना खिसा उलटा करणाऱ्या मुलीचे डोळे होते.

तो बराच वेळ बघत राहिला. मग तिच्या कानाशी वाकला. "आक्का. त्या दिवशीही?"

तिने मान डोलावली.

"भोपळा?"

पुन्हा मान.

तो सरळ बसला आणि समोर बघू लागला. पडद्यावर त्याचाच चेहरा होता, ओळख नसलेला, अफाट एकटा, रिकामं ताट जवळ ओढणारा. आणि खुर्चीवर तोच माणूस बसला होता, ज्याला आत्ताच कळलं होतं, की त्या चेहऱ्याच्या मुळाशी अश्रू नव्हतेच. आक्काचं हसू जिथल्या तिथे थिजलं. ती खूप घाबरली. इतक्या वर्षांत त्याच्यासमोर ती कधी घाबरली नव्हती. मग दुसरं काही सुचेना, म्हणून तिने तेवढंच केलं जे तिला येत होतं. अंधारात, त्याला दिसेल न दिसेल असं, गालाला बोट लावलं.

छोट्या लगेच हसला नाही. पडद्यावरचा प्रसंग संपेपर्यंत समोरच बघत राहिला. मग तिची खुर्ची हलल्यासारखी झाली. तिने पाहिलं, तर खुर्ची त्याची हलत होती. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं आणि नव्वद किलोंचं ते शरीर आवाज न करता गदगदत होतं. ते बघून आक्काचं पुन्हा सुरू झालं. दोघं एकमेकांकडे बघेनात, कारण बघितलं असतं तर थिएटरातून बाहेर काढलं असतं.

"पुढच्या सिनेमाला," तो जरा श्वास मिळाल्यावर कुजबुजला, "डावीकडे तूच बस. पण हसायचं असेल तर तोंड माझ्याकडे करून हस."

"मग तू रडणार कसा?"

"ते मी बघतो. तू बस."

उजवीकडून छोट्याच्या बायकोने हळूच पुढे वाकून दोघांकडे पाहिलं. तिने इतकी वर्षं त्याला जेवायला वाढलं होतं आणि ती गणिताची शिक्षिका होती. "एक विचारू?" ती म्हणाली. "याने तो घास मुलीसाठी ठेवला, हे लोकांना पटलं. पण भोपळा खायला लागू नये म्हणून ठेवला, असं मला का वाटतंय?"

यावर दोघांची जी अवस्था झाली, ती मागच्या रांगेतल्या एका बाईंना बघवेना. भाऊ-बहीण आपल्याच सिनेमाने असे उन्मळून पडलेले पाहून त्यांचाही बांध फुटला. त्यांनी पर्स उघडली आणि एक स्वच्छ, घडी घातलेला रुमाल दोन खुर्च्यांच्या मधून पुढे सरकवला.

आक्काने तो घेतला. पडद्याच्या उजेडात कड उलटून आधी शिवण पाहिली. मग डोळे पुसले, आणि छोट्याकडे दिला.